सरकारी हायस्कूलबद्दल कुणाचं ऐकायचं?

प्रश्न: मुलगी आता हायस्कूलला जाणार. शहरातल्या सरकारी शाळेबद्दल एक पालक म्हणतात शिक्षक जीव ओतून शिकवतात, दुसरे म्हणतात वर्गात नुसता गोंधळ, आणि तिथली मुलं म्हणतात शाळा मस्त आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, तिघंही खरं बोलत असतील. मोठ्या शाळेत एका तुकडीचा अनुभव दुसरीला लागू होत नाही, आणि आपणहून मत द्यायला येतात ते बहुतेक एकदम खूश नाहीतर एकदम चिडलेले, मधले गप्पच असतात. मत कधीचं आहे तेही विचारा, मुख्याध्यापक बदलले की शाळेचा नूर बदलतो. पालक निकाल बघतात, मुलं मात्र टॉयलेट स्वच्छ आहे का, कुणी त्रास दिला तर सर ऐकून घेतात का ते सांगतात, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. शाळा सुटताना गेटवर जरा थांबा. भाच्यासाठी मी थांबले होते तेव्हा एक बाई पायरीवर बसून एका मुलाला गणित समजावत होत्या, बाकी सगळी मुलं निघून गेली तरी दोघं हलले नाहीत, आमचं तिथंच ठरलं. हां, निकालाची टक्केवारी विचाराल तेव्हा किती मुलं मधेच गळली हेही विचारा, कच्ची मुलं गेली की टक्का आपोआप वर दिसतो.