गावातली लेकरं अपघातात गेली, माझा मुलगा गप्प झालाय. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की शाळेच्या गाडीला अपघात होऊन गावातली चार मुलं गेली. तुमचा आठ वर्षांचा मुलगा तापामुळं घरी राहिला म्हणून वाचला. आता तो मित्राचं नाव काढत नाही, घरातलेही विषय टाळतात आणि मित्राची चित्रांची वही तुम्ही कपाटात लपवून ठेवलीय. मी डॉक्टर नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या भागात नऊ वर्षांचा होतो.

आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. रात्री मी वडिलांबरोबर शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेलो. धाकटा भाऊ मागं लागला होता, मी त्याला नेलं नाही. आमच्याकडची घरं दगडमातीची, हातभर जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. पहाटे चारच्या सुमाराला तीच अंगावर आली. भाऊ गेला.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. काही वर्गमित्र गेलेले, काही पुण्याला. अनाथ झालेली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकायला तिकडं नेली होती. गुरुजी नव्या हजेरीपटावरून नावं घेत होते. एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, दत्त्याचं नाव राहिलं." गुरुजी बाहेर गेले. परत आले ते दत्त्या चिंचा कशा चोरायचा ते सांगतच. मग आम्हीही सांगत सुटलो. भूकंपानंतर पहिल्यांदा मी तिथं रडलो.

घरी मात्र आजीची ताकीद होती, आईसमोर भावाचं नाव काढायचं नाही. मला वाटलं, माझी चूक सगळ्यांना कळलीय, म्हणून कुणी बोलत नाही. हे ओझं सात वर्षं वाहिलं. एकदा शेंगा फोडताना आईच म्हणाली, "त्याला लई आवडायच्या." तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आरं, त्याला खोकला होता. तू नेतो म्हणाला असतास तरी मी सोडलं नसतं."

तुमच्या मुलाच्याही डोक्यात त्या तापाचं असंच काही चाललेलं असू शकतं. त्यानं विचारायची वाट बघू नका. साधं सांगा: तुला ताप होता म्हणून तू घरी होतास, अपघात तुझ्यामुळं झाला नाही. 'देवानं तुला वाचवलं' म्हणू नका, मग मित्राला का नाही वाचवलं हे तो मनातच विचारत बसेल. मित्र 'झोपलाय' असंही नको, लेकरं झोपायला घाबरतात. मात्र बोल बोल म्हणून खोदूही नका. आम्ही काड्यापेट्यांची घरं रचून 'भूकंप-भूकंप' खेळायचो, मोठी माणसं मारायची. तो गाड्या आपटत खेळला तर खेळू द्या. अंथरूण ओलं केलं तर रागावू नका. अपघाताचे व्हिडिओ घरातल्या सगळ्या फोनमधून आजच काढा.

महिना उलटूनही दचकून उठणं, शाळेच्या नावानं थरथरणं थांबलं नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. तुम्हालाही झोप नाही म्हणता, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि ती वही. तेराव्यानंतर लोकांची ये-जा थांबते, तेव्हा त्या मित्राच्या आईकडं जा. वही आहे एवढं सांगा, हवी का विचारा. मुलाला यायचं असेल तर त्यालाच ती हातात धरू द्या.