काल दुपारपर्यंत खेळत होतं

या वेळच्या पत्रांपैकी चार एकाच दुःखाची आहेत, मांजराचं पिल्लू एकाएकी गेल्याच्या, म्हणून ती एकत्र घेते.

प्रश्न : आमचं तीन महिन्यांचं पिल्लू सोमवारी दुपारपर्यंत पडद्यावर चढत होतं. संध्याकाळी दोन उलट्या झाल्या. पाल खाल्ली असेल, नाहीतर ऊन बाधलं असेल, असं म्हणून आम्ही त्याच्याजवळ जागत रात्र काढली. सकाळी सलाईन लावलं, दुपारी ते गेलं. डॉक्टर ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणाले. रात्रीच नेलं असतं तर वाचलं असतं का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, रात्रीच नेलं असतं तर शक्यता थोडी वाढली असती. पण वाचलंच असतं, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मीही सांगणार नाही.

या आजाराचं पुस्तकी नाव पॅनल्युकोपेनिया. पहिली उलटी होते तेव्हा विषाणू अंगात शिरून बहुतेकदा काही दिवस, कधी आठवडाही, उलटलेला असतो. शरीरात जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे तो वाढतो: आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. पांढऱ्या पेशी घसरतात, अस्तर सोलवटतं, अंगातलं पाणी जातं आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. हे सगळं चाललेलं असताना पिल्लू पडद्यावर चढत असतं. विषाणूला थेट मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक हे सगळं पिल्लाचं शरीर स्वतः लढायला लागेपर्यंत त्याला धरून ठेवण्यासाठी असतं. उपचार न मिळालेल्या पिल्लांपैकी दहातली नऊपर्यंत दगावतात, आणि उपचार मिळूनही बरीच जातात. पहिल्या उलटीला आणलेली पिल्लं माझ्या टेबलावर गेली आहेत. आशा सोडलेलं एखादं तिसऱ्या दिवशी उठून वाटी चाटायला लागलेलंही मी पाहिलं आहे.

‘पाल खाल्ली असेल’ हे माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक घर म्हणतं. आपल्याकडच्या उन्हात तर धडधाकट मांजरही दिवसभर फरशीला पोट लावून पडतं. मंगळवारी दुपारी जे कळलं, ते सोमवारी रात्री तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्या रात्री तुम्ही त्याच्याजवळ जागत बसलात, हेही तुमच्याच पत्रात आहे.

ज्यांच्या घरी आज पिल्लू आहे त्यांनी मात्र एवढं करा. दोन उलट्या झाल्या आणि खाणं सुटलं, किंवा पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं पण पीत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. माणसांची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आणि लस: सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून एक डोस झालेलं पिल्लूही जाऊ शकतं. त्यात तुमची चूक नसते.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला आम्ही सांगितलं की मनी अक्कलकोटला आजीकडे गेली. आता ती रविवारी अक्कलकोटला जायचा हट्ट धरून बसली आहे. – वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : रविवारच्या आत खरं सांगा. ‘मनीला आजार झाला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, पण तिचं शरीर बंद पडलं. ती मेली, आता परत येणार नाही.’ ‘मेली’ हाच शब्द वापरा. ‘झोपली’ म्हणालात तर मूल स्वतः झोपायला घाबरतं, ‘देवाने नेली’ म्हणालात तर देवाला घाबरतं. ‘मी तिची शेपटी ओढली म्हणून मेली का?’ असं काहीतरी तिच्या मनात असू शकतं. तिने विचारलं नाही तरी ‘तुझ्यामुळे नाही’ हे आपण होऊन सांगा. आधी खोटं बोललो, आम्हालाच सांगवेना, हेही कबूल करा. आईबाबा रडले तर रडू द्या, तिच्यासमोरच.

प्रश्न : पिल्लू पार्व्होने गेलं. घरात आठ महिन्यांचं बाळ आणि एक मोठी मांजर आहे. धोका आहे का? नवं पिल्लू कधी आणावं?

उत्तर : बाळाला नाही, हा आजार माणसांना होत नाही. मोठ्या मांजरीची लस झाली नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा. विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, आणि फिनेल त्यावर भरवशाचं नाही, वर मांजरांना घातक. आधी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात साधारण ३० मिली हायपोक्लोराइटचं ब्लीच घालून दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या, नंतर पुसून काढा. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका. नळाला रोज पाणी येत नसेल तर हे काम पाणी येईल त्या दिवशी काढा. अंथरूण आणि मातीचा ट्रे टाकूनच द्या. नवं पिल्लू आणायचं तर सगळे डोस झालेलंच आणा.

प्रश्न : माझं वय ७१. आयुष्य यंत्रमागावर गेलं. बायको गेल्यावर एक पिल्लू दारात आलं, रात्री माझ्या चादरीत झोपायचं, पहाटे दूध मागायचं. तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात, तेच नाव ठेवलं. आजारी पडल्यावर दीड दिवसात गेलं. मुलं म्हणतात, ‘एवढंसं मांजर, दुसरं आणू.’ मला जेवण जात नाही. – वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : आजोबा, मुलं प्रेमानेच बोलत असतील, पण दुसरं मांजर म्हणजे पिल्ली नव्हे. तिच्यामुळे रात्री कोणीतरी पायाशी होतं, पहाटे कोणीतरी दूध मागत होतं. ती जागा रिकामी झाली आहे, आणि बहुधा आजींच्या जाण्याचं दुःखही तिच्याबरोबर वर आलं आहे. एवढंसं मांजर म्हणून दुःख एवढंसं होत नाही.

चादर तशीच जवळ ठेवावीशी वाटेल. ठेवा. घरात दुसरं मांजर नाही, त्यामुळे धुण्याची घाई नाही. मुलांना एकदा बसवून पिल्लीबद्दल सांगा, ती काय काय करायची ते. जेवण जात नसेल तर दोन घास भाकरी दुधात कुस्करून घ्या. दोन आठवड्यांनीही भूक आणि झोप परतली नाही तर तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि पिल्लीचं नाव घेऊन सांगा, लाजू नका. आणि पहाटे दूध मागणारं कोणी नाही ही वेळ फार जड जात असेल, तर त्या वेळी मला पुन्हा लिहा.