फॉलोअर विकत घ्यावेत का?

प्रश्न : पुण्यात आमची छोटी कंपनी आहे, दुकानदारांसाठी बिलिंग ॲप बनवतो. एजन्सीवाला म्हणतोय इन्स्टावर फॉलोअर विकत घ्या, घ्यावेत का?

उत्तर : अहो, विकतचे फॉलोअर काय तुमचं ॲप वापरणारेत का! ड्रॉपबॉक्स या फाइल्स ऑनलाइन साठवायच्या ॲपने आधी गुगलवर जाहिराती देऊन पाहिल्या, परवडेना, मग मित्राला आणलं की दोघांनाही जादा स्टोरेज फुकट असं सुरू केलं, आणि सप्टेंबर २००८ मधले १ लाख युजर जानेवारी २०१० पर्यंत ४० लाख झाले. तुम्हीही जुन्या दुकानदाराने नवा आणला तर दोघांना महिनाभर फी माफ करून बघा ना. आणि हो, रीलवाल्याला पैसे दिले किंवा नुसतं ॲप फुकट दिलं तरी ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला लावा, ॲस्कीचा, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, २०२१ पासून तसा नियम आहे.