काळ्यावर पांढरं, तरी वाचता येईना

प्रश्न : ताई, आमच्या तालुक्यातल्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. गेल्या महिन्यात डार्क मोड दिला. ठार काळं पान, शुभ्र पांढरी अक्षरं. लेखकांची नावं (करडा रंग; लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १०२) आणि निळ्या लिंक आधीच्याच ठेवल्या. ज्येष्ठ सभासद म्हणतात, अक्षरं फुटतात, लिंक तर दिसतच नाहीत. कुठे चुकलं?
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचे सभासद अगदी खरं सांगताहेत. माझ्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नाही. ठार काळ्यावर शुभ्र अक्षर आलं की त्याच्या कडेने उजेड सांडल्यासारखा दिसतो. गडद पानासमोर डोळ्याची बाहुली मोठी होते, त्यामुळे हा दोष जास्तच जाणवतो. देवनागरीला त्याचा फटका मोठा. ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक तो किती? वरची छोटीशी गाठ आणि शिरोरेघेतली फट. उजेड पसरला की फट बुजते आणि ‘धडा’चा ‘घडा’ होतो.

म्हणून दोन्ही टोकं सोडा. पानाला लाल, हिरवा, निळा तिन्ही १८ द्या (० म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे पूर्ण). गुगलच्या मटेरियल डिझाइननेही डार्क मोडसाठी हाच गडद करडा सुचवला आहे. अक्षरांना तिन्ही २२४. काळ्या-पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पान यांच्या उजळपणातलं प्रमाण, २१:१ असतो, हा १४:१ च्या आसपास येतो. कमी झाला म्हणून धास्तावू नका. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो, कडक पातळीला ७:१.

खरी चूक झाली ती जुने रंग तसेच उचलण्यात. तुमचा करडा पांढऱ्या पानावर ५.७ देतो, म्हणजे पास. काळ्यावर तोच ३.७ वर येतो. तो १६० करा, नव्या पानावर ७ च्या वर जाईल. आणि नावांना बारीक रेघांचा फाँट नको. अनुस्वार आणि रफार आधी हरवतात, मग लेखकाचं आडनावच बदलतं. ब्राउझरचा मूळ निळा पांढऱ्यावर ९.४ आणि काळ्यावर जेमतेम २.२! त्याजागी १३८, १८०, २४८ हा फिकट निळा घ्या, नव्या पानावर ८.९ मिळतील. लिंकखालची रेघ मात्र काढू नका. ज्यांना रंगांतला फरक कळत नाही, त्यांना तिचाच आधार.

क्रोममध्ये अक्षरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा आणि रंगाच्या चौकोनावर क्लिक करा, कॉन्ट्रास्टचा आकडा तिथेच दिसतो.

पण आकड्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. एखाद्या आजोबांना बोलवा. त्यांच्याच फोनवर, ते ठेवतात तेवढ्याच ब्राइटनेसवर, पुस्तकांची यादी मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतील तिथे अक्षर मोठं करा, ओळींत जागा वाढवा. काहींना उजळ पानच सोसतं. त्यांच्यासाठी बटण अगदी वर ठेवा आणि त्यावर नुसता चंद्र-सूर्य न काढता ‘उजळ पान’ असं स्वच्छ मराठीत लिहा.