सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नव्हे

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. शाळेतील दंततपासणीत तिच्या मागच्या दाढांना सीलंट (खाचा बुजवणारा पातळ लेप) लावून घेण्यास सुचवले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, दुधाच्या दाढा पडणारच आहेत, तर खर्च कशाला? आमच्याकडे बेदाण्याचे शेड असल्याने मुलीचे तोंड दिवसभर चालू असते. काय करावे?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : सासूबाईंचा समज अनेक घरांत आढळतो, आणि त्याला कारणही आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही दाढ कोणताही दुधाचा दात न पडता, सर्वांत शेवटच्या दुधाच्या दाढेमागे गुपचूप उगवते, त्यामुळे ती कायमची आहे हे घरात कोणाच्या ध्यानातच येत नाही. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेच्या माथ्यावरील खाचा बऱ्याचदा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस त्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तिथे अडकलेल्या गोड कणांपासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि कीड तळातून सुरू होते. सीलंटमुळे या खाचा बुजतात. दाढ स्वच्छ करून तिच्यावर फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद ठेवतात. धुऊन वाळवल्यावर तो भाग खडूसारखा पांढरट दिसतो, मग त्यावर पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा द्रव) सोडून निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. यात इंजेक्शन नाही, कोरणेही नाही. मात्र त्या वेळी दाढेला लाळ लागता कामा नये, अन्यथा सीलंट टिकत नाही. दाढ अर्धवटच वर आली असेल, तर डॉक्टर काही काळासाठी ग्लास आयोनोमर (दातांसाठीचे एक सिमेंट) वापरतात.

अशा सीलंटमुळे मागच्या दाढांतील सुमारे 80 टक्के कीड पहिली दोन वर्षे टळते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची आकडेवारी सांगते. तरीही दोन दातांमधल्या फटींना त्याचे संरक्षण मिळत नाही, म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे चालूच ठेवावे. रात्रीचे घासणे तर चुकवूच नये. बेदाणे बंद करण्याची गरज नाही, पण ते जेवणाबरोबर द्यावेत. दिवसभर एकेक तोंडात टाकण्याची सवय, माझ्या मते, बेदाण्यापेक्षा अधिक घातक आहे.

दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, कारण सीलंटचा तुकडा निघाल्यास तो पुन्हा भरता येतो. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ येईल, तेव्हा तिच्यासाठीही डॉक्टरांना विचारावे.