डाएट सुरू केले, पण काटा हलत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझे वय ४१, उंची १५६ सेंमी, वजन ७८ किलो. तीन आठवड्यांपूर्वी डाएट सुरू केले. रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद, तळलेले नाही, संध्याकाळी अर्धा तास चालणे. हिशेबाने रोज ५०० कॅलरी कमी खाते. तीन आठवड्यांत उतरले फक्त ९०० ग्रॅम. माझ्याबरोबर सुरू केलेल्या जावेचे पहिल्याच आठवड्यात अडीच किलो गेले. माझ्या शरीरातच काही दोष आहे का? आता सोडून द्यावेसे वाटते. — गृहिणी, डिचोली

उत्तर : ताई, सोडू नका. तुमच्या आकड्यांत दोष दिसत नाही, उलट काम सुरू झाल्याची खूण दिसते.

आधी जावेचे अडीच किलो पाहू. भात, पोळी, पाव एकदम बंद केले की यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, पहिल्या चार-पाच दिवसांत वापरली जाते. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ ३ ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. साठा संपला की ते पाणी लघवीवाटे निघून जाते. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, पण त्यात चरबी थोडीच असते. दोन दिवस पोटभर भात खाल्ला की ते पाणी परत येते. तुम्ही भात फक्त रात्रीचा सोडला, म्हणून तुमचे पाणी कमी गेले. एवढाच फरक असू शकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोघी किती उतरता, तुलना करायचीच तर ती करा.

आता तुमचे ९०० ग्रॅम. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ९०० ग्रॅम म्हणजे सुमारे ६,९०० कॅलरी, २१ दिवसांत वाटल्या तर रोजच्या ३३०. तुम्ही ५०० धरल्या होत्या, तेव्हा १७० कॅलरींचा फरक पडतो. शरीरातले पाणी एक-दीड किलो इकडेतिकडे होत असते, म्हणून हा हिशेब आज पक्का मानू नका. पण पाचव्या-सहाव्या आठवड्यातही तेवढाच फरक राहिला तर तो शरीरात नव्हे, स्वयंपाकघरात शोधा. आपल्या गोव्याच्या जेवणात शोधायच्या जागा दोनच, नारळ आणि तेल.

मध्यम नारळाचा चव, म्हणजे खवलेले खोबरे, साधारण ३०० ग्रॅम निघतो. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी धरा. चार माणसांच्या हुमणाला, म्हणजे मासळीच्या कालवणाला, एक अख्खा नारळ वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला २६० कॅलरी खोबऱ्याच्याच येतात. मासळीच्या आणि भाताच्या वेगळ्या. त्याच दिवशी नारळाच्या रसाची सोलकढी आणि भाजीवर मूठभर चव असला तर भात सोडून वाचवलेले सगळे परत आले. त्यासाठी हुमण सोडायची गरज नाही. चौघांना अर्धा नारळ घ्या. वाटणात मिरची, धणे आणि आमसोल नेहमीइतकेच ठेवा, नाहीतर रस पानचट होतो आणि घरातले लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा अख्खा नारळ मागतात. रस दाट हवा असेल तर वाटणात चमचाभर भिजवलेले तांदूळ घाला. सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नुसत्या आमसोलाच्या पाण्याची कढी, करा, तिला नारळ लागतच नाही.

तेल मोजायचे तर बाटलीतून कढईत ओतणे बंद करा. १५ मिलीच्या चमच्यात १२० कॅलरी असतात, आणि हाताने ओतताना दोन-तीन चमचे सहज पडतात. एका आठवड्याचे तेल रविवारी वेगळ्या बाटलीत काढा. माणशी रोज १५ मिली, म्हणजे चार माणसांना आठवड्याला ४२० मिली. बाटली गुरुवारीच संपली तर फरक कुठे पडतो ते तुमचे तुम्हालाच कळेल. तव्यावर बांगडा भाजताना रवा टाळा, रवा तेल ओढतो. मीठ, हळद, तिखट आणि आमसोलाचे पाणी लावून चमचाभर तेलावर झाकण ठेवून भाजा.

भात मोजायचा तो कच्चा. उकडे तांदूळ अर्धी वाटी, म्हणजे ७५ ग्रॅम, घेतले तर २६० कॅलरी होतात आणि शिजल्यावर साधारण २०० ग्रॅम भात मिळतो. शिजलेल्या भाताची वाटी मोजून फसगत होते, कारण कुणी दाबून भरते, कुणी सैल.

किती थांबायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. चार आठवडे काहीही बदलू नका. चौथ्या आठवड्याची सरासरी पहिल्याशी ताडा. सरासरी कशी काढायची ते पुढच्या उत्तरात दिले आहे. आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम उतरत असेल तर आहे तेच चालू ठेवा. उतार अजिबात नसेल तर एकच गोष्ट बदला, तेल किंवा नारळ, आणि आणखी दोन आठवडे पाहा. एकदम चार गोष्टी कापल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही आणि भुकेने माणूस आठव्या दिवशी मोडतो. प्रथिने मात्र कमी करू नका. तुमच्या वजनाला रोज ७० ते ८० ग्रॅम लागतील. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम मिळतात. मासळी नसलेल्या वारी मूग, चवळी, दही, अंडे यांतून ती भरून काढा.

काळजीपूर्वक मोजूनही सहा-आठ आठवड्यांत काहीच हलले नाही, किंवा पाळी अनियमित आहे, थंडी फार वाजते, केस गळतात, बद्धकोष्ठ आहे, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. एक गैरसमज मात्र दूर करावासा वाटतो. थायरॉइड कमी असल्याने वाढणारे वजन बहुधा अडीच ते साडेचार किलोच असते आणि त्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. गोळीने सगळे वजन उतरेल अशी आशा धरू नका.

‘सावकाश उतरलेले वजनच टिकते’ असा धीर पुष्कळ जण देतात. तो आम्ही देणार नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांत भरभर आणि ३६ आठवड्यांत हळूहळू वजन उतरवलेल्या दोन्ही गटांचे बहुतेक वजन तीन वर्षांत सारखेच परत आले. टिकते ते नंतर काय खातो त्यावर. म्हणून पुढची पाच वर्षे घरात शिजेल असेच जेवण आज बसवा. आणि थोडे उतरलेलेही वाया जात नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आठवड्याला ३०० ग्रॅमने तिथे पोहोचायला सव्वाचार महिने लागतील. गेल्या तीन आठवड्यांसारखेच खरोखर चालू राहिले तर.

प्रश्न : सकाळी ७४ किलो, संध्याकाळी साडेपंचाहत्तर. औषधाच्या दुकानातला काटा तिसरेच दाखवतो. खरे कोणते मानायचे? — निवृत्त शिक्षक, वास्को

उत्तर : सकाळचे, आणि घरच्याच काट्याचे. दिवसभरात पोटात गेलेले अन्न-पाणी काट्यावर दिसणारच. काटा लादीवर ठेवा. चटई किंवा गालिच्यावर ठेवला तर आकडा भलताच येतो. शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच हलक्या कपड्यांत उभे राहा. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि विसरून जा. रविवारी सात आकड्यांची बेरीज करून सातने भागा. समजा आठवड्याचे आकडे ७७.४, ७७.९, ७७.२, ७८.१, ७७.६, ७७.३, ७७.० असे आले. सरासरी ७७.५. गुरुवारच्या ७८.१ ने जीव खालीवर करण्याचे कारण नव्हते. पुढच्या आठवड्याची सरासरी ७७.२ आली तर ३०० ग्रॅम उतरले, मग मध्ये एखाद्या दिवशी ७८ दिसले तरी. रोजचा आकडा पाहून ज्यांची झोप उडते त्यांनी आठवड्यातून एकदाच वजन करावे, पण वार ठरलेला हवा आणि तो रविवारच्या भरगच्च जेवणानंतरचा सोमवार नको.

बायकांसाठी एक भर. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अर्धा ते दोन किलो पाणी साठू शकते. म्हणून पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडावा.

प्रश्न : महिनाभर जिमला जातो, जेवण कमी केले आहे, तरी वजन एक किलोने वाढले. पँट मात्र सैल झाली. हे कसे? — दुकानदार, मडगाव

उत्तर : पँट खरे सांगते. नव्याने वजने उचलायला लागले की स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून निघताना स्नायू पाणी धरतात. साखरेचा साठाही वाढवतात. तीन-चार आठवडे हे चालते. जिममध्ये कुणी क्रिएटिन (ताकद वाढवण्यासाठी घेतात ती पूड) दिले असेल तर त्याने आणखी एखादा किलो पाणी धरले जाते.

जेवण कमी केल्यावर तोंडी लावायला काय घेता तेही पाहा. भात-कालवण कमी करून किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), खारवलेला बांगडा, लोणचे वाढले असेल तर मिठाने पाणी धरले. ९ ग्रॅम मीठ शरीरात जवळजवळ एक लिटर पाणी अडवते. दिवसाचे मीठ एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारवलेली मासळी दोनदा पाणी बदलून तासभर भिजवा, बरेचसे मीठ निघते.

काट्याऐवजी टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा. श्वास सोडा आणि पोट न ओढता वाचा. पँटचा पट्टा असतो तिथे मोजू नका, पुष्कळ पुरुषांचा पट्टा पोटाखाली असतो. भारतीय पुरुषांनी ९० सेंमीच्या आत राहावे, बायकांनी ८०. पंधरवड्यातून एकदा मोजले तरी पुरे.

प्रश्न : सोमवार ते शुक्रवार अगदी काटेकोर असतो. दोन महिने झाले, वजन तिथेच. शनिवारी मित्रांबरोबर थोडे होते, तेवढ्याने काय बिघडते? — सरकारी कर्मचारी, पणजी

उत्तर : बेरीज करून पाहा. पाच दिवस रोज ४०० वाचवल्या, एकूण २,०००. शनिवारी ६० मिलीचे फेणीचे तीन पेग, सुमारे १४० प्रमाणे ४२०. त्यात घातलेले लिंबाचे गोड शीतपेय ६०० मिली, अंदाजे २५०. समोरच्या बशीतले काजू ५० ग्रॅम, २९०. जेवायला बसण्याआधीच साडेनऊशे झाले. मग शागुती (मसालेदार वाटणातले मटण-कोंबडी) आणि पाव, रविवारी घरी मासळीचे भरगच्च जेवण, त्यावर दुपारची झोप. सोमवारी खाते कोरे.

शनिवार मोडायला आम्ही सांगत नाही. फेणी साध्या सोड्यात किंवा पाण्यात, लिंबू-मीठ घालून, आणि एकाच पेगवर थांबा. निघण्यापूर्वी घरी दोन अंडी किंवा वाटीभर उसळ खाऊन निघा, म्हणजे काजूंकडे हात कमी जातो. आणि काजूची बशी दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवा. चवथीच्या दिवसांत तर वजन उतरवायचा हट्ट नकोच. नेवऱ्या-पातोळ्या खा, आणि पूर्वीच्या सरासरीवर टिकलात तरी ते यश माना.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. वजन लवकर उतरावे म्हणून रात्रीचे जेवण सोडले आहे. चालेल का? — पेडणे

उत्तर : नाही. आजच थांबवा. ही गोळी जेवले नाही तरी इन्सुलिन सोडायला लावते, आणि साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे ओळखा. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली दिसले तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरल्यावर काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. जेवण कमी करायचे असेल तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, स्वतःच्या मनाने गोळी तोडू नका.

प्रश्न : पावसात चालणे बंद पडते. वजन परत वाढेल का? — काणकोण

उत्तर : चालणे बंद पडल्याने फारसे वाढणार नाही. पाऊण क्विंटलच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या चालण्याने शंभर-सव्वाशे कॅलरीच जळतात. पावसात वाढते ते चहाबरोबरच्या भज्यांनी आणि बंद घरातल्या बसण्याने. बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. जिना असेल तर जेवणानंतर पाच वेळा चढा-उतरा. गुडघे दुखत असतील तर जिना सोडा आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून तीनदा.