पन्हाळ्यावर रहस्य की भय?

प्रश्न : दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी पन्हाळ्यावर रहस्यकथा लिहितेय. तीच कॉलेजच्या पोरांसाठी भयकथा म्हणून चालेल? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ताई, जागा तीच ठेवा, गोष्ट नवी लिहा. अंधारबावच घ्या. तीन मजली इमारत, तळाशी पाणी. वेढा घालणाऱ्यांना त्यात विष कालवता येऊ नये म्हणून झाकलेलं. लहानांच्या गोष्टीत पायरीवर चपलेचा ओला ठसा दिसू द्या, आणि माग पोरांनाच काढू द्या. मोठ्यांनी कोडं सोडवलं की मजा गेलीच! सतराच्या पोरांची भीती वेगळी: खाली उतरलेला मित्र वर आला, पण आता आपल्याशी बोलेना. तिथं भूत दाखवायची घाई नको, उत्तर नसलं तरी चालतं. आणि संवाद कोल्हापुरीच ठेवा हं, ‘काय लेका, भ्यालास व्हय?’ असे.